होलिसच्या खड्ड्याचा भागीदार

एकोणीस वर्षांत होलिस टॅकेटला एकही हिरा सापडला नव्हता. अमेरिकेतल्या अर्कन्सॉ राज्यातल्या त्या हिऱ्यांच्या नांगरलेल्या मैदानात तिकीट काढून कुणीही खणावं आणि सापडेल ते खिशात घालून घरी न्यावं, असा रिवाज. कालपरवा आलेल्या एखाद्या बाईच्या चपलेला हिरा चिकटतो आणि होलिसला मिळते पाठदुखी, हा तिथला जुना विनोद होता. त्यावर सगळ्यांत मोठ्याने होलिसच हसायचा. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काम तरी काय होतं?

या ऑक्टोबरात मात्र हसू आटलं. बायकोनं, अर्लीननं, सरळ सांगून टाकलं.

"शनिवारपर्यंत काही मिळालं तर ठीक. नाहीतर मी डॅलसला शेरीकडे राहायला जाते. तू ये, नाहीतर रहा तुझ्या खड्ड्यात. लेक निदान समोर बसून दोन शब्द बोलते तरी."

अर्लीन बोलली की करायची. तिच्याशिवाय घर कसं असतं हे होलिसला ठाऊक नव्हतं, आणि डॅलसमध्ये खणायला होती फक्त लेकीची हिरवळ.

सोमवारी त्यानं खड्ड्यातली माती चाळणीत भरली, हौदात घोळून घोळून धुतली आणि चाळण टेबलावर पालथी घालून उचलली. जड खडे मधोमध जमतात. हिरा असलाच तर तिथे, अगदी वर दिसतो. चष्मा पुसायला तो क्षणभर वळला. परत पाहतो तर ओल्या खड्यांच्या मधोमध चिमटीची खूण. दोन बोटांचे ठसे आणि मध्ये वाटाण्याएवढी रिकामी जागा.

"डॉयल, हात दाखव."

शेजारच्या खड्ड्यावरचा डॉयल जेवत होता. "दोन्ही हातांनी सँडविच धरलंय, लेका. तिसरा हात आज घरीच विसरलो."

मंगळवारी चार वेळा तसंच झालं, बुधवारी सहा वेळा. होलिसला भीती नाही वाटली, संताप आला. ज्या खड्ड्यातून एकोणीस वर्षांत काही निघालं नाही, त्यातून आता रोज चार-सहा हिरे चोरीला जात होते.

"आयत्या बिळावर नागोबा," तो धुमसला.

"ज्याचं कधी काही नव्हतंच, त्याचं चोरीला काय जाणार?" डॉयल म्हणाला. पण गुरुवारी तो पहाऱ्याला आला.

भर दुपारी दोघं टेबलावर हनुवट्या टेकवून चाळणीतून पालथ्या केलेल्या खड्यांकडे बघत बसले. ऊन होतं, वारा पडला होता. खडे हळूच दबले. दोन बोटांएवढेच. मधलं काहीतरी उचललं गेलं आणि पाण्याचे थेंब टेबलावरून एकेक करत होलिसच्या खड्ड्याकडे गेले.

डॉयलनं फावडं उचललं. "मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"तुला दात कुठं आहेत?"

"म्हणून तर उशीर झालाय."

शनिवारी होलिस एकटाच होता. आता त्याला भीती वाटत होती, पण डॅलसची जास्त. एका खड्ड्यावर दोघं असले की बोलायचं एक जुनं वचन तिथे होतं. कागद लागत नसे, शब्द पुरे. खड्ड्याकडे बघत तो म्हणाला, "तुझ्यातलं निम्मं माझं, माझ्यातलं निम्मं तुझं. कबूल?"

मग त्यानं नवी माती चाळणीत भरून धुतली.

चाळण पालथी घालून उचलली. मधोमध पिवळा हिरा बसला होता, वाटाण्याएवढा. त्याला कुणी हात लावला नाही.

होलिस रडला. मग हिरे तोलून नोंद करतात त्या खिडकीवर तीन तास रांगेत उभा राहिला आणि मुठीत हिरा घट्ट धरून घरी आला.

अर्लीन पोर्चवर बसली होती. चेहरा उजळलेला, लग्नातल्यासारखा.

"शेरीला फोन केला," ती म्हणाली. "येत नाही म्हणून कळवलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?" तिनं मुठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "दुपारभर माझा हात धरून बसलास. बोलला नाहीस एक शब्द, पण बसलास ना. मला एवढंच हवं होतं रे."

होलिसनं मूठ उघडली नाही.

"हात तेवढे गारठले होते तुझे." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण तू तर आत्ताच हात धुवायला आत गेलास. इकडून कसा आलास?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.