नऊ हजार शहाण्णव उत्तरं बाकी

२०५१ सालच्या एकतीस मार्चला, सकाळी सव्वादहा वाजता, कक्ष अधिकारी वत्सला रणपिसे मालवणपासून चार मैलांवरच्या तरंगत्या प्रयोगशाळेत आल्या, त्या प्रकल्प बंद करायला. बोट लागून दोनदा ओकून झालं होतं, तरी हातातली फाइल त्यांनी कोरडी ठेवली होती. बाई तशा पक्क्याच.

प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची खोली, तीन पडदे, एक स्टोव्ह आणि डॉ. मृण्मयी केळुसकर. खाली सहा वाव खोल पाण्यात प्रवाळांची वसाहत होती. मागच्या उन्हाळ्यात पाणी तापलं आणि निम्मी वसाहत पांढरी पडली. आता एप्रिल तोंडावर आला होता. या मे महिन्यात उरलेली निम्मीही जाणार हे मृण्मयीला लख्ख दिसत होतं.

गंमत अशी, की उपाय हाताशी होता. पाण्यावर अंथरायचे सावलीचे पडदे कधीच येऊन पडले होते. पण प्रवाळ पुनरुज्जीवन अनुदानाची अट होती, की लाभार्थीचा प्रतिसाद मिळाल्याशिवाय काहीही लावायचं नाही. पूर्वी कुणी न मागितलेल्या इतक्या गोष्टी इतक्या ठिकाणी बांधल्या गेल्या होत्या, की सरकारनं एकदाचे कान पकडले होते. अट चांगलीच होती. फक्त इथं लाभार्थी म्हणजे प्रवाळ.

"प्रवाळांना विचारता तरी कसं?" रणपिसेबाईंनी लिंबू-सरबताचा घोट घेत विचारलं.

मृण्मयीनं समजावून सांगितलं. प्रवाळाचा एकेक जीव तांदळाएवढा, पण शेजाऱ्याशी जोडलेला. सगळ्या वसाहतीत विजेचा एक बारीक ठोका फिरत असतो. तो टिपायला तिनं स्पंदलेखक बसवला होता. प्रश्न म्हणजे शब्द नव्हेत. अर्धा मिनिट सावली धरायची, किंवा अर्धा मिनिट पाणपंखा फिरवायचा. आवडलं तर ठोका चढेल, नावडलं तर उतरेल. पावणेदोन वर्षांत तिनं नऊ हजार एकशे अठरा प्रश्न विचारले होते, दिवसाला चौदाच्या हिशेबानं. ठोका चढला नाही की उतरला नाही. मख्ख.

बाईंनी मान डोलावली आणि नोंदी मागितल्या. मृण्मयीला वाटलं, दोन पानं चाळून सही करतील. पण बाईंची एकतीस वर्षं आवक-जावक विभागात गेली होती. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या दिवसापासून वाचायला घेतलं, आणि तासाभरानं एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं 'वजा' असं लिहिलं होतं.

ते काय, म्हणून त्यांनी विचारलं. महिन्यातून एकदा ठोका हलतो, मृण्मयी म्हणाली, बरोब्बर साडेएकोणतीस दिवसांनी. चंद्राच्या गतीचं काहीही असलं, की ते भरती-ओहोटीमुळं असं धरून संगणकाची चाळणी काढून टाकते. जगभर असंच करतात. बाईंनी ते सगळे दिवस एका कागदावर उतरवले आणि दारात बसून जाळं सांधत असलेल्या बाबल तांडेलांना दाखवले. होडी त्यांची, आणि समुद्रही जवळजवळ त्यांचाच.

बाबलकाकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "ह्ये सगळे दिस अष्टमीचे, बाय. अष्टमीक भांग असता, पाण्याक जोर नसता. उधाण पुनवेक नि अवसेक."

मृण्मयीनं मनाशी हिशेब केला. भरतीनं ठोका हलत असता, तर उधाणाला, म्हणजे महिन्यातून दोनदा हलला असता. हा एकदाच, आणि तोही समुद्र सगळ्यात निवांत असताना. तिनं पहिला प्रश्न विचारला तो दिवस काढला. अष्टमी. तिनं चाळणी बंद केली आणि वजा केलेले बावीस ठोके पडद्यावर आणले. चढला, उतरला, चढला, चढला, उतरला.

मग तिनं शेजारी आपले पहिले बावीस प्रश्न लावले. सावली, पंखा, सावली, सावली, पंखा. बाविसाव्यापर्यंत एकही चुकला नाही.

"उत्तरं देतायत," ती कशीबशी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून देतायत. एकेक जीव शेजाऱ्याला विचारतोय, तो त्याच्या शेजाऱ्याला. सगळ्या वसाहतीचं एकमत व्हायला एक चांद्रमास लागतो. मग पुढचा प्रश्न घेतात."

तिला वाटलं होतं, बाईंना हे पटवायला दिवस जाईल. पण रणपिसेबाईंचा चेहरा एकदम खुलला. टेबलावरून टेबलावर जाणारी गोष्ट त्यांना कुणी शिकवायची? उलट त्यांनीच मृण्मयीला झापलं. एका पत्राचं उत्तर यायच्या आत चारशे स्मरणपत्रं पाठवायची, आणि वर उत्तर आलं की केरात टाकायचं, ही कुठली पद्धत, म्हणून. मृण्मयी झापून घेत होती आणि डोळे पुसत हसत होती. बिचारी वसाहत पावणेदोन वर्षं सांगत होती, सावली हवी, पंखा नको. ती पांढरी पडत होती तेव्हाही सांगतच होती. हे मनात आलं आणि तिचं हसू थांबलं.

प्रतिसाद मिळाला म्हटल्यावर पडदे लावायला कुणाची हरकत नव्हती. बाबलकाकांनी गाववाल्यांच्या आणखी दोन होड्या बोलावल्या, आणि दुपारी तीनपर्यंत वसाहतीवर हिरवी सावली पसरली. पंखा उपसून वर काढला. रणपिसेबाई एका दोरीचं टोक धरून उभ्या होत्या. आपल्याला बोट लागते हे त्या साफ विसरल्या होत्या.

पण एकतीस मार्च तो एकतीस मार्चच. प्रतिसाद मिळाला, हेतू साध्य झाला, म्हणजे रीतसर प्रकल्प बंदच व्हायचा. पडदे तेवढे राहतील, पण ते धुणार कोण, फाटले तर शिवणार कोण, असं मृण्मयीनं विचारलं. बाई फॉर्म भरत राहिल्या. अकराव्या रकान्याशी त्या थबकल्या. लाभार्थीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं येणं बाकी आहे काय? असल्यास शेवटचं उत्तर येईपर्यंत प्रकल्प चालू ठेवावा.

मृण्मयीनं आकडा सांगितला. नऊ हजार शहाण्णव. चांद्रमासाला एक धरून सातशे चौतीस वर्षं आठ महिने.

बाईंनी तो शांतपणे लिहिला. नियम तसा आहे, त्याला माझा इलाज नाही, म्हणाल्या, आणि ओठ दाबून हसल्या. मृण्मयीनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की यातले बहुतेक प्रश्न तेच ते आहेत, मागे घेता आले तर बरं. पण ते मागे घ्यायचे तरी प्रवाळांना कळवावं लागणार, आणि ते कळवणंही रांगेत शेवटीच लागणार. तेव्हा तो विषय तिथंच संपला. यापुढं मात्र एकही नवा प्रश्न विचारायचा नाही, अशी बाईंनी तंबी दिली.

शेवटच्या ओळीत शेवटच्या प्रश्नाचं स्वरूप लिहायचं होतं. बाईंनी नोंदवही पाहिली आणि भुवया उंचावल्या. सावली, अर्धा मिनिट नाही, पूर्ण एक तास. कालची.

मृण्मयी ओशाळली. "तो प्रश्न नव्हता हो. काल संध्याकाळी मला वाटलं, आता सगळं संपलं. म्हणून जाता जाता जरा वेळ सावली धरून बसले होते. त्यांचा निरोप घेत होते."

बाईंनी पेन क्षणभर उचललं. मग त्या रकान्यात 'निरोप' असं लिहिलं, आणि पुढं, उत्तर अपेक्षित, नोव्हेंबर २७८५.