स्टँड वर घ्या

साइड स्टँडचा स्विच म्हणजे माझ्या धंद्यातली रोजची कटकट. स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये टाकली की इंजिन बंद करायचं, एवढंच त्याचं काम. पण त्यात चिखल जातो, मग स्टँड वर असला तरी गाडी जागची हलत नाही आणि माणूस वैतागून गॅरेजमध्ये येतो. स्विच काढा, वायर डायरेक्ट करून द्या, असं बहुतेकांचं म्हणणं. मी मुकाट्याने करून देतो. आपला स्टँड आपण बघावा, दर वेळी यंत्राने कान धरायची काय गरज, असं माझंही मत होतं.

वहिनींना मात्र तो स्विच हवाच होता. त्यांचे यजमान माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी स्विच स्वतःच उपटून वायरी जोडल्या होत्या. एका सकाळी ते स्टँड वर न घेताच निघाले, डाव्या वळणावर स्टँड रस्त्याला अडकला आणि ते जागीच गेले. गाडीला मात्र खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तेव्हापासून ती जिन्याखाली धूळ खात होती. आता वहिनींना रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. पाळी पहाटेची, त्या वेळी बस नाही, आणि पहिल्या दिवशी उशीर झाला तर जागा दुसऱ्याला देऊ असं त्यांना बजावलेलं. घर आता त्यांच्याच पगारावर चालायचं होतं. रुजू व्हायचं होतं दुसऱ्या दिवशी.

मी नवी बॅटरी टाकली, नवा स्विच बसवला आणि एक चक्कर मारून आलो. गाडी झकास चालली. मग वहिनी बसल्या. स्टँड वर घेतला, पहिला गिअर टाकला आणि इंजिन बंद पडलं.

मी बसलो की चालू, त्या बसल्या की बंद. क्लच नीट दाबा, असं मी जरा कुत्सितपणेच म्हणालो. त्या नीटच दाबत होत्या. स्विच काढून वायरी जोडून पाहिल्या, तरी तेच. शेवटी मी इरेला पेटलो. साइड स्टँडच खोलला आणि टेबलावर ठेवून दिला. आता बंद पडायला कारणच उरलं नव्हतं.

गिअर पडला आणि इंजिन बंद झालं.

वहिनी थकून उतरल्या आणि त्यांनी हँडल सोडून दिलं. मी धरायला धावलो, कारण गाडी डबल स्टँडवर नव्हती. पण ती पडली नाही. डावीकडे जरा कलली आणि तशीच उभी राहिली.

मी वाकून बघितलं. खाली काहीच नव्हतं. फरशीवर तेल पसरलं होतं. स्टँडचं टोक टेकतं तेवढी जागा मात्र त्यात कोरडी होती.

वहिनी गाडीकडे बघत होत्या.

"रोज दारातून मी ओरडायचे, स्टँड वर घ्या म्हणून," त्या म्हणाल्या. "स्वतःहून कधी घ्यायचे नाहीत. मुद्दाम. मी म्हणेपर्यंत गाडी चालू करून बसून राहायचे."

"आणि त्या दिवशी?"

"आमचं भांडण झालं होतं. मी दारात गेलेच नाही. बराच वेळ गाडीचा आवाज येत होता."

त्या गॅरेजच्या दारापाशी गेल्या आणि चौकटीला हात लावून वळल्या. अगदी रोजच्या सुरात म्हणाल्या, "स्टँड वर घ्या."

खट्ट.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. स्टँड वर बसल्याचा आवाज.

माझ्या टेबलावरचा स्टँड जागचा हलला नव्हता.

गाडी सावकाश सरळ झाली.

मी म्हटलं, गाडी आज राहू द्या, उद्या मी सोडतो तुम्हाला लॅबला.

"उद्या सोडाल," वहिनी म्हणाल्या. "परवा?"

त्या बसल्या. गिअर पडला. इंजिन चालूच राहिलं.

मी दारात उभा राहून बघत होतो. चौकात डावा इंडिकेटर लागला आणि गाडी कलून, सफाईने वळली.

वहिनी तेव्हा दोन्ही हातांनी हेल्मेटचा पट्टा आवळत होत्या.