पियानोतला मफलर

मी जन्मभर लोकांची टिंगल करून पोट भरलं. त्यामुळे मी काही खरं सांगायला लागलो, की माणसं आधीच हसायच्या तयारीत बसतात.

ह्या वेळी कृपा करून हसू नका. का, ते शेवटी कळेल.

हे घडलं माझ्या मुलीच्या घरात, गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी. भर दुपारी. खिडकीतून ऊन आत आलेलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. भुताखेताला शोभेल असं तिथे काहीही नव्हतं.

पण आधी आमच्या जावयांबद्दल सांगायला हवं.

आमचे जावई संगीतकार आहेत. त्यांच्या संगीतात शब्द नसतात. ताल नसतो. बरेचदा संगीतही नसतं. पियानोवर तीन सूर वाजवायचे, थांबायचं, मग तेच तीन सूर पुन्हा वाजवायचे. मागे लाटांचा आवाज. मधल्या वेळात ऐकणाऱ्याला स्वतःचं बालपण आठवतं म्हणे. ते ह्याला 'नव्या युगाचं, किमान सुरांचं, अभिजात' असं काहीतरी म्हणतात. दाढ काढायच्या आधी दवाखान्यात जे वाजत असतं, ते त्यांचंच. त्यानंतर दाढ काढणं सुसह्य होतं, एवढं मान्य करतो.

आम्ही त्यांना संथराव म्हणतो. त्यांना तो गौरव वाटतो.

माझी मुलगी नेमकी उलट. ती हसली की रस्त्यापलीकडची माणसं खिडकीत येतात. हुबेहूब तिच्या आईचं हसणं. तिची आई गेली, तेव्हा घरातले बाकीचे सगळे आवाज गेले, हा एक राहिला. तो ऐकू येत होता तोवर माझं बरं चाललं होतं.

अशा मुलीनं अशा माणसाशी लग्न का केलं, हे ह्या गोष्टीतलं पहिलं गूढ. तेही अजून उकललेलं नाही.

तर, संथरावांनी एक जुना पियानो घेतला. एका म्हाताऱ्या बाईंकडून. त्यांचा भाऊ वारला होता. मीही बघायला गेलो होतो. झाकण उघडलं तर आत, तारांवर, एक करडा लोकरी मफलर पसरलेला.

"दादाचा आहे," बाई म्हणाल्या. "त्याला आवाज खपायचा नाही. कुणाचाच."

"मग पियानो कशाला घेतला होता त्यांनी?" मी विचारलं.

"बंद ठेवायला."

संथरावांचं लक्षच नव्हतं. ते मफलर गालाला लावून उभे होते.

पियानोत प्रत्येक पट्टीमागे एक लहानशी हातोडी असते. ती तारेवर आपटते. संथरावांच्या पंथातले लोक हातोडी आणि तारेच्या मध्ये कापड घालतात, म्हणजे सूर मऊ निघतो. इतरांना बाजारातलं कापड पुरतं. ह्यांना ते कर्कश वाटलं. ह्यांनी मफलर कापला, त्याची लांब पट्टी केली आणि आत घातली.

"बाबा, हा सूर ऐका," ते कुजबुजले. ते नेहमीच कुजबुजतात.

"कुठला?"

"हाच. ऐकूच येत नाहीये ना?"

त्यांचे डोळे भरून आले होते.

मग घरातले आवाज जायला लागले.

आधी भिंतीवरचं घड्याळ. काटे फिरत होते, पण टिकटिक... नाही.

मग स्वयंपाकघरातला गळका नळ. थेंब पडताना दिसायचा. पडल्याचा आवाज... नाही.

मग दार करकरायचं थांबलं.

"तेल घातलंत वाटतं," मी म्हणालो.

"छे. घर माझ्या संगीताला साथ देतंय," संथराव म्हणाले.

मी दार दोनदा उघडून मिटून पाहिलं.

आणि तो रविवार आला.

संथराव रेकॉर्डिंगला बसले होते. मी कोचावर पेपर वाचत होतो, पान न उलटता, तशी ताकीद होती. मुलगी आत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. आणि ती हसली.

संथरावांनी हात उचलले. कपाळ पियानोला टेकलं. आणि पियानोलाच सांगावं तसे म्हणाले, "हे एवढं हसणं नसतं, तर हे घर परिपूर्ण असतं."

आत काहीतरी सरकलं...

लोकरीवर लोकर घासावी, तसं.

मी पेपर खाली ठेवला.

मुलगी चहा घेऊन बाहेर आली. मी तिला हळूच म्हटलं, "अगं, दाढवाले डॉक्टर म्हणत होते, जावयांची धून लावली की भुलीचं इंजेक्शन लागत नाही."

ती हसली.

तोंड उघडलं. खांदे हलले. डोळ्यांत पाणी आलं. तिनं पोट धरलं.

आवाज... नव्हता.

तिनं गळ्याला हात लावला.

"बाबा," ती म्हणाली. बोलणं अगदी स्पष्ट. "मी आत्ता हसले ना?"

मी उठलो. पियानोची पुढची फळी काढली आणि तो मफलर ओढून काढायला आत हात घातला.

मफलर नव्हताच.

हातोड्या आणि तारा समोरासमोर. मध्ये काही नाही. मी पियानोची एक पट्टी दाबली. हातोडी तारेवर आपटलेली मी पाहिली. ऐकू काही आलं नाही.

मी फळी लावली, झाकण बंद केलं.

आणि बंद झाकणाखालून...

माझी मुलगी हसली.

ती माझ्यासमोर उभी होती. ओठ घट्ट मिटून.

संथरावांनी ओठांवर बोट ठेवलं. "शू... माईक चालू आहे."

त्याच संध्याकाळी मी तिला माझ्या घरी आणलं. डॉक्टर म्हणतात, घसा उत्तम आहे. मी त्या बाईंकडेही गेलो. बेल दाबली. ती वाजली नाही. आत पडदा मात्र हलला.

संथराव पियानो विकायला तयार नाहीत. नव्या धुनेत ते हसणं त्यांनी संथ करून वापरलंय. लोक ते लावून झोपतात.

आता असं होतं. मी इकडे काहीतरी चेष्टा करतो. मुलगी आवाज न करता हसते. आणि थोड्या वेळानं संथरावांचा फोन येतो.

"बाबा, रेकॉर्डिंग चालू होतं हो. जरा कमी विनोद करा."

जन्मभरात मला मिळालेला हा सर्वांत वाईट अभिप्राय. तोही मी पचवला. निदान ते हसणं कुठेतरी आहे, एवढं तरी कळायचं.

पण परवा सकाळी फोन आला, तेव्हा मुलगी माझ्यासमोर शेंगा सोलत बसली होती. गंभीर चेहऱ्यानं. मी काहीच बोललो नव्हतो.

"मी नाही हसवलं तिला," मी म्हणालो.

"असं कसं?" संथराव कुजबुजले. "दोघं हसत होतात की."

"दोघं कोण?"

"ती आणि तुम्ही. तुमचं हसणं ओळखतो मी, बाबा."

मी फोन ठेवला. मुलीनं विचारलं, "काय म्हणतोय हा?" मी म्हणालो, "काही नाही."

तेव्हापासून मी हसून पाहिलेलं नाही. तुम्हीही पाहू नका.