आतून कोरी फुलदाणी

"मेले तरी यावर सही करनार नाय," म्हणत जनीने शशिकलाबाईंच्या टेबलावर टाइप केलेला कागद आपटला.

'माझ्या निष्काळजीपणामुळे...' अशी त्याची सुरुवात होती.

शशिकलाबाईंचं खाजगी तपासाचं ऑफिस नवीन पनवेलमध्ये, घराच्याच बाल्कनीत होतं. मदतनीस त्यांचे यजमान, कृष्णकांत. निवृत्तीनंतर त्यांना हे पद मिळालं होतं. चहाची जबाबदारी धरून.

"बस आधी. काय फुटलं?"

"निळी फुलदानी. आमच्या दुकानाच्या मालकीन आभा मॅडमनी स्वता घडवलेली. आज प्रदर्शनाला जायची व्हती. सकाळी मी शटर उघडलं तं खाली तुकडे! पुसनारी मी, म्हनून फोडनारी पन मीच. चारपर्यंत सही नाय केली तं घरी बसायचं. आन असं नाव घेऊन दुसरीकडं कोन उभं करंल? तेरा वर्सं काचा पुसते बाई. टवका उडाला नाय कदी."

"करून टाक सही, सुटशील," कृष्णकांत समजुतीने म्हणाले.

जनीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा टाकायला उठले.

"फोडली असती तं पाय धरले असते, काका. नाय फोडली. मंग मान खाली का घालू?"

"चहा राहू द्या," शशिकलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "चपला घाला."

दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. दारातच एक उंच खोका बांधून ठेवलेला: 'काचेचे दिवे, नग सहा. विश्वजीत, खारघर.' कृष्णकांत तो कसाबसा ओलांडून आत आले.

आभा मॅडमचे डोळे सुजले होते. नखांत अजून माती होती. फुलदाणी ज्यावर असायची ते रिकामं सागवानी स्टूल त्यांनी दाखवलं. बिनपॉलिशचं, कोरं लाकूड.

"फुलदाणीत काही होतं?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"निशिगंध. तीन दिवस, पाण्यासकट, याच स्टुलावर."

"फुलं काल संध्याकाळी मी काढली," मॅनेजर अपूर्व पुढे झाला. "पॅकिंग करायचं होतं ना. मग कुलूप लावून गेलो. किल्ल्या आम्हा तिघांकडेही असतात हं."

शशिकलाबाईंनी स्टुलावरून तळवा फिरवला. डाग नव्हता.

"अशी दुसरी आहे?"

"माझी प्रत्येक वस्तू एकमेव असते," आभा मॅडम घाईने म्हणाल्या. "कार्डावरच छापलंय."

"भट्टीचा काय भरवसा, म्हनून एकाला दोन..." जनीने तोंड उघडलं.

"मावशी!" आभा मॅडमनी तिला तोडलं.

अपूर्व हसला. "मावशींचं मनावर घेऊ नका. पाणी ओतून बघायचंही वेड आहे यांना. शोभेची वस्तू, डोळ्यांनी बघायची की!"

"गळकी होडी आमी पान्यात नाय घालत आन गळकं भांडं गिऱ्हाइकाला नाय देत. रातभर भरून ठेवते. गळलं तं बुडाला खडूची फुली, आन मागल्या खोलीत."

कृष्णकांत मात्र काचेच्या खिडकीपाशी रमले होते. "अगं, हे सहा दिवे बाल्कनीत काय दिसतील!"

"काका, ते विकले गेलेत. आणि एका डिझाइनचा एकच सेट असतो आमचा," अपूर्व म्हणाला.

शशिकलाबाईंनी टोपलीतला एक निळा तुकडा उचलला, उलटा केला आणि आतली बाजू जिभेला लावली. तुकडा चिकटला.

"शी! काय चाटतेस?"

"कोरी माती," त्या म्हणाल्या. तळाचा तुकडा पाहिला. त्यावर पुसलेला, पांढुरका ओरखडा होता. "सगळे बसा. अपूर्व, तूसुद्धा. दारापासून लांब."

तुकड्यावर त्यांनी पाण्याचा थेंब सोडला. माती तो गटकन प्यायली.

"हिला आतून काचेचा लेपच नाही. हिच्यात तीन दिवस पाणी राहिलं असतं, तर स्टुलावर काळं वर्तुळ उमटलं असतं. म्हणजे फुटली ती दुसरी. जनीने फुली मारलेली, गळकी. हिची आतली बाजू कोरी आहे हे बनवणारीला ठाऊक, पाणी भरून बघणारीला ठाऊक. दोघींपैकी कुणीही अदलाबदलीला ही निवडली नसती. पाणी भरणं ज्याला वेड वाटतं, त्याने फक्त बाहेरचा निळा रंग जुळवला. फुली पुसली, काल कुलूप लावण्याआधी ती फोडली आणि तुकडे जनीसाठी ठेवून गेला."

"पुरावा काय?" अपूर्व म्हणाला.

"सहा दिवे खिडकीत आहेत. सेट एकच. मग दारातल्या खोक्यात काय आहे?"

खोका जनीने फोडला. वर्तमानपत्रांतून निळा गळा वर आला.

"विश्वजीत इंटिरियरवाला," अपूर्व जमिनीकडे बघत म्हणाला. "त्याच्या सॅम्पल फ्लॅटला हीच हवी होती. मॅडम देईनात. मिळवून दे, मग माझ्याकडे नोकरीला ये, म्हणाला."

त्याने किल्ली ठेवली आणि निघून गेला.

"मी तर हिला सही करायला सांगत होतो," कृष्णकांत पुटपुटले.

"म्हणून तुम्ही चहा करता." शशिकलाबाई आभा मॅडमकडे वळल्या. "तुकडे पाहताच ही दुसरी, हे तुम्ही ओळखलं होतंत."

"दुसरी आहे म्हटलं असतं, तर कार्ड खोटं ठरलं असतं," आभा मॅडम हळूच म्हणाल्या. "माफ करा, मावशी."

"तोंडी नको." जनीने तोच कागद उलटा करून पुढे सरकवला. "माज्याकडं पन लेखीच मागितलं व्हतं."

आभा मॅडमनी लिहिलं. जनीने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"हे काय? 'चुकून तुमचं नाव घेतलं'? चुकून नाय. म्हायती असून."

'चुकून' खोडलं गेलं. 'माहीत असून' आलं. जनीने कागद घडी करून कमरेला खोचला, निळी फुलदाणी नळाखाली काठोकाठ भरली आणि स्टुलावर ठेवली.

"मावशी, चार वाजत आले. गाडी येईल प्रदर्शनाची."

"खोक्यात आदळली असंल. रातभर बघितल्याबिगर मी नाय धाडनार."

बाहेर हॉर्न वाजला. आभा मॅडम उठल्या, दाराशी गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "उद्या या."

जनीने फडकं घेतलं आणि काच पुसायला लागली.