आतली कडी

चूक काकांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण घरात विषय निघाला की मोठी माणसं छताकडे बघतात आणि लाकूड फुगलं, पोरगं मुळातच भित्रं, असलं काहीबाही पुटपुटतात. लाकूड फुगलं नव्हतं. आतली कडी काकांनी काढली होती. स्वतःच्या हाताने, शीळ घालत.

काका जुन्या गाड्या दुरुस्त करून प्रदर्शनात मांडायचे. पुतण्याने इंजिनियरिंग मध्येच सोडलं तेव्हा त्याच्या आईने त्याला त्यांच्या वर्कशॉपमध्ये आणून टाकलं, बिघडलेला मिक्सर टाकावा तसा. काकांनी त्याला नाव ठेवलं 'अर्धवट'. गिऱ्हाइकासमोरसुद्धा तीच हाक. काका हसायचे, गिऱ्हाईक हसायचं, आणि आई आली असली तर तीही पदराआड हसून घ्यायची.

पण अर्धवटाचा हात लाकडावर बसला होता. डोळे मिटून फळीवर तळवा फिरवला की रेषा कुठल्या बाजूला धावतात, रंधा कुठे अडेल, हे त्याला कळायचं. बंदरावर लाकडी होड्या बांधणारा एक कारागीर होता. तो म्हणाला होता, एक काम तडीला नेऊन दाखव, मग ये माझ्याकडे. काका म्हणाले, ही व्हॅन पुरी कर, मग कुठे जायचं तिथे जा. त्या एका वाक्यावर पोराने दिवस काढले.

व्हॅन गवताच्या कोठारात सापडली. कोठार विकायला काढलेल्या म्हातारीला आत काय पडलंय याचं सोयरसुतक नव्हतं. गवत उपसलं तसा आधी एक हेडलाइट दिसला, मग गंजलेलं नाक, आणि मागे सगळं खोकं लाकडी. बेकरीची गाडी. नाव पुसलेलं, गव्हाचं कणीस तेवढं उरलेलं. मागची दारं मात्र जागेवर नव्हती. ती निघाली कोठाराच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी, आणि त्यांना रेलून पोत्यांची थप्पी. दारं कुणी उपटली नव्हती. स्क्रू नीट काढून डब्यात भरून ठेवले होते.

म्हातारी म्हणाली, सासऱ्यांनी काढली आणि परत बसवू नका म्हणाले. का, ते तिला ठाऊक नव्हतं. त्या घरात मोठ्यांना का म्हणून विचारायची सोय नव्हती. अर्धवटाला याचं जराही नवल वाटलं नाही.

नवी दारं मी करतो, असं तो म्हणाला. काकांनी उडवून लावलं. परीक्षक मूळ भागांना गुण देतात, अर्धवटांच्या सुतारकामाला नाही.

दारं टेबलावर उलटी केली तेव्हा त्याला ते दिसलं. आतल्या अंगाला, खाली बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, एकेका दारावर एकेक खळगा. ओरखडे असते तर पावाचे क्रेट घासून पडले असतील असं त्याने मानलं असतं. हे गुळगुळीत होते. हातोडीचा दांडा मुठीत झिजतो तसे. लाकडाला असं रूप एका दिवसात येत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे तळवे टेकून ढकललं होतं. पावाच्या गाडीत. आतून.

"काका, हे हातांनी झिजलंय."

"मग हात धू आणि भरून टाक," काका म्हणाले.

त्याने सरसात भुसा कालवून खळगे भरले. सकाळी कुलूप उघडलं तर उजवीकडची भरणी चकतीसारखी अख्खी निघून खाली पडलेली. वर तळहाताच्या रेघा उमटलेल्या. काका म्हणाले, ओल्यावर हात ठेवला असशील, वेंधळ्या. त्याने आपला तळवा शेजारी धरून पाहिला. रेघा बऱ्याचशा जुळत होत्या, पण चकतीवर अंगठ्याखाली एक आडवी रेघ होती. ती त्याच्या हातावर नव्हती. त्याला हायसं वाटलं. चकती त्याने खिडकीच्या फळीवर ठेवून दिली आणि खळगे तसेच सोडले.

मग त्याने उरलेल्या लाकडातून एक कडी घडवली, बोटाने उचलता येईल अशी, आणि दाराच्या आतून बसवली. काकांनी ती पाहिली.

"पाव आतून दार उघडतात काय रे?"

त्याने सांगितलं, काढू नका. दुसऱ्यांदाही सांगितलं. कडीवर उजवा हात दाबून धरला. काकांनी तरी स्क्रूड्रायव्हर लावला, तो सटकला आणि पोराच्या अंगठ्याखाली आडवा फिरला. काकांनी पट्टी बांधली, बघ, उगाच मध्ये येतोस, असं म्हणाले, आणि कडी काढली. तीच ती शीळ घालत.

जखम भरली, वळ राहिला. चकतीची त्याला आठवण झाली नाही. व्हायला हवी होती.

शेवटचं काम पाण्याच्या परीक्षेचं. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, जिथून उजेड किंवा थेंब येईल तिथे आतल्याने खडूने खूण करायची. ऐन दुपार होती. पोराची पिशवी वर्कशॉपच्या दाराशी भरून तयार होती. दार लावू नका, दोरीने बांधा, असं त्याने विनवलं. काका म्हणाले, मग पाणी त्या फटीतूनच येणार, परीक्षा कसली? ते खरंच होतं. काकांचं म्हणणं नेहमी खरंच असायचं, हीच तर त्यांची हरामखोरी.

"बस आत. एवढं झालं की सुटलास."

दारं लागली आणि बाहेरच्या कडीचा दांडा खाली पडला.

आत वार्निशचा वास. फळ्यांमधून उजेडाचे बारीक ठिपके. छतावर पाणी ताडताड वाजू लागलं, त्यात काकांची शीळ. त्याने दोन-तीन खुणा केल्या. मग पाण्याचा आवाज थांबला. शीळ थांबली नाही. ती एकाच सुरावर अडकून राहिली, लांबत गेली, संपेचना.

पुढच्या टोकाचा एक ठिपका विझला. मग त्याच्या शेजारचा. मग खालचा... जसं कुणी तिथे उठून बसावं.

"काका... उघडा."

वार्निशखालून आंबलेल्या पिठाचा वास आला. उबदार, ओला, श्वासासारखा. तो मागे सरकला. पाठ दाराला लागली. तो वळला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात दारावर टेकले. तळवे खळग्यांत बसले. बोटांच्या पेरांसकट, नेमके.

त्याने ढकललं.

किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. झोप लागल्याचं आठवतं, जाग आल्याचं, पुन्हा ढकलल्याचं. दाढी छातीपर्यंत आल्याचं आठवतं. आईचा चेहरा विसरल्याचं आठवतं. आणि त्या सगळ्या काळात बाहेर तो एकच सूर, आणि पाठीमागे कुणीतरी, जवळ न येता, वाट बघत बसलेलं.

दार उघडलं तेव्हा काकांच्या हातातला पाइप अजून ठिबकत होता. दाढी नव्हती. ऊन तिथेच होतं.

काका म्हणाले, पाइप गुंडाळला तेवढा वेळ. "मी लगेचच उघडत होतो. तूच आतून म्हणालास ना... थांबा, अजून एक आहे."

तो आत तसं काही म्हणालेला नव्हता.

त्याने हात उजेडात धरले. तळव्यांवर एकही रेघ नव्हती. घट्टे गेले, अंगठ्याखालचा वळ गेला. गोट्यासारखे गुळगुळीत. मग तो खिडकीशी गेला आणि चकती उचलली. आडवी रेघ, अंगठ्याखाली. स्क्रूड्रायव्हर जिथे फिरला होता तिथेच.

व्हॅनला बक्षीस मिळालं. आई म्हणाली, कातडी काय, परत येते, आणि काकांच्या मनात वाईट नव्हतं. काकांनी दारं कायमची बंद ठेवली आहेत. आत काय आहे असं कुणी विचारलं की ते विषय बदलतात, आणि हल्ली शीळ घालत नाहीत.

पोरगा बंदरावर गेला होता. कारागिराने त्याच्या हातात फळी दिली, डोळे मिट म्हणाला, सांग, रेषा कुठल्या बाजूला धावतात. त्याने पुष्कळ वेळ तळवा फिरवला. त्याला काहीच लागलं नाही.

तो अजून काकांकडेच आहे. गाड्या धुतो.