अडीच कपांची दीडपट

दार उघडलं तेव्हा दीपमालाच्या नाकाला मैदा लागला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. दारातला उंच मुलगा भांबावलाच.

"मी विश्वजीत… अपेक्षाताईचा भाऊ. वैजापूरहून आलो. केकवर गुलाबी नको, जांभळी फुलं काढा म्हणली ती… पण तुम्ही रडताय का?"

"नाही हो. या ना आत," ती म्हणाली, आणि खरंच रडायला लागली.

सिडकोतल्या दोन खोल्यांत केकचं काम सुरू केल्यापासूनची ही तिची पहिली मोठी ऑर्डर. संध्याकाळी अपेक्षाचा साखरपुडा. घरातली अंडी नि लोणी सगळं या एका भांड्यात पडलेलं, आणि मिश्रण चमच्यावर ठरायला तयार नव्हतं.

विश्वजीतनं भांड्यात डोकावून पाहिलं. "हे तर ताक झालंय की!"

"नेहमीच्या केकला अडीच कप मैदा लागतो. हा दीडपट मोठा. अंडी, साखर, दूध… सगळं दीडपट घेतलं. मैदासुद्धा!"

"किती घेतला?"

"सव्वादोन कप. दोन एके दोन, आणि अर्धा गुणिले अर्धा पाव."

त्यानं कसंबसं हसू दाबलं. "अडीच कप तर साध्या केकलाच लागतात म्हणता. मग मोठ्या केकला कमी कसे?"

दीपमाला ओट्यावर सांडलेल्या मैद्यातच बोटानं आकडे काढू लागली. "अडीच… आणि अडीचाचं निम्मं, सव्वा… अगं बाई! पावणेचार!"

"आणि पडले सव्वादोन. म्हणजे अजून—"

"दीड कप!" दोघं एकदमच म्हणाले. नजरा भिडल्या… आणि जरा जास्तच वेळ तशाच राहिल्या.

मग त्यानं बाह्या वर केल्या नि चाळणी धरली. ती मिश्रण ढवळू लागली.

"हलक्या हातानं चाळा हं."

"माझा हात लई हलका आहे."

"दिसतंय. निम्मा मैदा शर्टावरच आहे!"

"मग आता निम्म्या दीडाचा हिशोब तुम्हीच करा."

"पाऊण कप," ती पटकन म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

ओव्हनमधून व्हॅनिलाचा वास सुटला, केक टरारून फुगला. तेवढ्यात ताईचा फोन आला. "अरे, फुलांचा रंग सांगायला किती वेळ?"

"केक गार होतोय, ताई… बसावंच लागतं," तो म्हणाला. दीपमालानं ओढणीआड हसू लपवलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा दारात हजर. कंपनीच्या कामाला बिडकीनला निघालो होतो म्हणाला. बिडकीनचा रस्ता सिडकोतून जात नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्यात रविवारी सुट्टी.

"एक केक पाहिजे होता. छोटासा."

"कितीजणांसाठी?"

"दोघांसाठी."

"एक तुम्ही. आणि दुसरं कोण?"

तो दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. "त्या दिवशी घरी गेलो, सगळे केकचं कौतुक करत होते… माझं मात्र कशातच लक्ष नव्हतं. दुसऱ्या तुम्ही… म्हणजे, तुमची हरकत नसेल तर. मला तुम्ही फार आवडता, दीपमाला."

खाली भाजीवाला ओरडत होता. तिला काहीच ऐकू येईना.

"हरकत आहे," ती म्हणाली.

त्याचा चेहराच उतरला.

"छोट्या केकला हरकत आहे. मला लई भूक लागते," असं म्हणून तिनं त्याचा हात धरला आणि त्याला आत घेतलं.