ढिम्म टाकी

टाकीत अकराशे लिटर द्राक्षरस होता, आणि तो नुसता ढिम्म बसला होता. फेस नाही, बुडबुडा नाही, काही नाही. आज तिसरा दिवस.

साल होतं २०६४. दिंडोरीजवळच्या एका टेकडीवर सुलक्षणाआत्याची द्राक्षबाग होती आणि बागेतच छोटीशी वायनरी. आत्या सूक्ष्मजीवांची अभ्यासक. तिची भाची केतकी द्राक्षतोडणी बघायला म्हणून शाळेतून रजा काढून आली होती.

"झेंडू, पुन्हा मोज," आत्या म्हणाली.

झेंडू म्हणजे सहा हातांचा, नारिंगी रंगाचा यंत्रमानव. त्यानं एक हात रसात बुडवला. "साखर शेकडा चोवीस. तापमान बावीस अंश. सगळं ठीक आहे, ताई."

"ठीक कसलं डोंबलाचं!" आत्या करवादली. "उद्यापर्यंत रस आंबायला लागला नाही, तर बुरशी धरेल. वर्षाची मेहनत पाण्यात."

"पण आत्या, रसाची वाइन होते तरी कशी?"

"रस आपणहून काही करत नाही गं. करतात ते यीस्ट (एकाच पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव). ते साखर खातात आणि दोन गोष्टी बाहेर टाकतात. एक मद्यार्क (वाइनमधला नशा आणणारा द्रव), तो रसात राहतो. दुसरा कर्बवायू, तो बुडबुडे होऊन वर येतो. याला म्हणायचं किण्वन (आंबण्याची क्रिया)."

केतकीनं टाकीत डोकावून पाहिलं. "बुडबुडे नाहीत. म्हणजे जेवायला कुणी बसलेलंच नाही!"

आत्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं, रसाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "खरंच की! दर वर्षी इथं नुसती जत्रा असते. आज चिटपाखरू नाही."

"येतात कुठून हे?"

"द्राक्षांच्या सालीवरून. बागेतच राहतात. मी पाकिटातले यीस्ट कधीच वापरत नाही. तीस वर्षं याच टेकडीवरचे आहेत, म्हणून तर आपली वाइन आपल्या चवीची."

केतकी टाकीपासून मागे सरकली. घरी द्राक्षं आणली की आई ती आधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, मग तीनदा धुवायची. तोवर हात लावायची कुणाची टाप नव्हती. तोडणीच्या दिवशी झेंडू न धुतलेले घड सरळ चिरडायला निघालेला पाहून केतकीला शिसारी आली होती. "शी! आधी धू," असं तिनंच फर्मावलं होतं. झेंडू बिचारा आज्ञाधारक. त्यानं घड मिठाच्या पाण्यात बुडवले, मग कढत पाण्यात, आणि वर टाकीसकट सगळ्यावर ओझोन (जंतू मारणारा वायू) सोडला. त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून तो बोलला नाही.

सांगावं की गप्प बसावं?

"आत्या, द्राक्षं मी धुवायला लावली."

आत्याला राग आला, चांगलाच आला. "अगं, विचारायचंस तरी!" ती ओरडली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. केतकीला रडूच फुटलं.

थोड्या वेळानं आत्या वळली. "पूस डोळे. तू बोललीस, म्हणून निदान कारण तरी कळलं. झेंडू, रस चार अंशांवर आण. गारठ्यात बुरशी हळू वाढते. आणि तू चल माझ्याबरोबर."

बागेच्या कडेला पाखरांसाठी सोडलेले घड होते. त्यातले चांगले अकरा केतकीनं खुडले. धुतले मात्र नाहीत! ते बरणीत चिरडून उबेला ठेवले.

"हे तर विरजण झालं," केतकी म्हणाली.

"अगदी तेच. आधी थोड्या रसात यीस्ट वाढवायचे, मग मोठ्या रसात सोडायचे."

केतकीची रजा वाढली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, बरणी गप्पच. चौथ्या दिवशी सकाळी फेस आला. केतकीनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर एका गोल पेशीला बारीकसा फुगवटा आला होता.

"आत्या, हिला पिल्लू होतंय!"

टाकी पुन्हा कोमट केली. बरणी केतकीनंच ओतली. दोन दिवसांनी तिनं टाकीला कान लावला. आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती.

"साखर संपल्यावर यांचं काय?"

"बरेचसे मरतात. पण बागेत त्यांची भावंडं आहेतच. पुढच्या वर्षी त्यातले थोडे आधीच जपून ठेवू." आत्यानंही टाकीला कान लावला. "तोडणीला येशील ना? झेंडूला काय धुवायचं आणि काय नाही, ते तूच शिकव. तुझ्याइतकं पक्कं इथं कुणाला ठाऊक नाही."